द्राक्षाचा लोड आणि पिकअपच्या टायरातली हवा: आकडा कुठून धरायचा?

दिंडोरीचा_बागायतदार
१२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

पाडव्याला जुनी पिकअप घेतली, २०१८ ची. घरची तीन एकर थॉम्सन द्राक्षाची बाग आहे, आणि शेजारच्या चार-पाच बागांचा माल पॅकहाउसला पोचवायचं भाडं यंदा माझ्याकडे आलंय. लवकर छाटलेल्या बागांचा खुडा सुरू झालाय. पुढच्या आठवड्यापासून रोज एक खेप, फेब्रुवारीत दोन. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, त्यातले पहिले तीन पाणंद रस्त्याचे.

अडचण हवेची आहे. मागच्या मालकानं गाडी रंगवून घेतली तेव्हा दाराच्या चौकटीवरचं स्टिकर रंगाखाली गेलं. गाडीचं पुस्तकही मिळालं नाही. पंक्चरवाल्यानं चारही टायरांत ६५ पौंड मारली आणि "पिकअपला एवढीच लागते" म्हणाला. चुलतभाऊ म्हणतो, ४० च्या वर गेलास तर द्राक्षाचा रस घेऊन पोचशील. पंपावरचं मशीन तर ४.५ असा काहीतरी आकडा दाखवतं.

दोन्ही करून पाहिलं. ६५ वर तीस कॅरेट नेले तेव्हा मागच्या दोन ओळींतल्या कॅरेटांच्या तळाशी सुट्या मण्यांचा थर होता. पॅकहाउसला त्याचं वजन कापलं गेलं, आणि माल शेजाऱ्याचा होता म्हणून मला जास्त लागलं. मग ४५ केली. साठ कॅरेट भरल्यावर मागचे टायर बसके दिसले, आणि पोचल्यावर हात लावला तर चटका बसला. मीटर लावलं तर ४५ चे ५५ झालेले.

टायर ट्यूबलेस आहेत. बाजूवर २१५/७५ आर १५, एलटी, १०६/१०३ आणि कमाल भार ९५० किलो, ६५ पीएसआय असं लिहिलंय. मग ६५ च भरायची का? की रिकाम्याला वेगळी, भरलेल्याला वेगळी? पुढं-मागं सारखी ठेवायची का? गाडी कर्जावर आहे आणि हंगाम तीन महिन्यांचा. कृपया ज्यांनी स्वतः भरलेली गाडी चालवलीये त्यांनी सांगा.

ओझरचे_तात्या
१२ जानेवारी, रात्री ११:०५

दादा, सगळ्यात आधी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि तुझ्या मॉडेलचा हवेचा तक्ता माग. पुढं किती, मागं किती, रिकामी किती, भरलेली किती, हे त्यात असतं. टायर मूळ मापाचे असतील तर तो आकडा पहिला. मी खाली लिहितो ते त्याच्याशी ताडून बघायला म्हणून वाच.

मी २२ वर्षं पिकअप चालवतो. टमाटा, ढोबळी, कोबी, हंगामात द्राक्ष. रात्री नऊला ओझर सोडायचं आणि पहाटे वाशी. तुझा प्रश्न वाचून मला माझी ऑक्टोबरमधली एक रात्र आठवली, ती आधी सांगतो, कारण तू ४५ वर साठ कॅरेट नेलेस हे वाचून मला धस्स झालं.

बहिणीचं बिऱ्हाड सिडकोतून इंदिरानगरला हलवायचं होतं. काचेचं कपाट, फ्रीज, गाद्या. सामान फुटू नये म्हणून मी मागच्या टायरांची हवा ३८ वर आणली. काम झालं. दुसऱ्या दिवशी गिरणाऱ्याला टमाट्याचे सत्तर कॅरेट भरले आणि निघालो. हवा परत भरायची राहिली. अंधारात टायर बसके दिसले नाहीत. घोटी सोडल्यावर मागून गाडी थोडी झुलतेय असं वाटलं, मी ते वाऱ्यावर ढकललं. कसारा उतरायला लागलो तसा जळक्या रबराचा वास आला. ब्रेक तापले असतील म्हणून गिअर खाली घेतला आणि पुढं बाजूला घ्यायला जागा बघत होतो, तेवढ्यात डावं मागचं फुटलं. गाडी डावीकडं ओढली गेली. डावीकडं डोंगर होता, दरी नव्हती, म्हणून आज लिहितोय. टायर उघडून बघितला तर नक्षी जवळपास नवी होती, पण आतून बाजूच्या भिंतीचा गोल भुगा झालेला. रबराचा नुसता चुरा, हातात घेतला की सांडत होता.

म्हणून सांगतो, वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी असली की प्रत्येक फेरीला टायरची बाजू जास्त वाकते आणि सरळ होते. एका मिनिटात ते शेकडो वेळा होतं. तार वाकवून वाकवून तोडताना ती गरम होते ना, तसंच. वरून काही दिसत नाही. तुझे ४५ चे ५५ झाले म्हणजे टायर आतून किती तापला होता बघ. नीट हवा असलेल्या भरल्या टायरात मला चाळीस किलोमीटरनंतर पाच-सात पौंडांचीच वाढ दिसते. दहा वाढली की मी समजतो, एक तर हवा कमी होती नाहीतर माल जास्त होता.

आता तुझ्या टायरवरचं वाच. ९५० किलो, ६५ पीएसआय. याचा अर्थ "६५ भरा" असा नाही. अर्थ असा की थंड टायरात ६५ असेल तर हा एक टायर जास्तीत जास्त ९५० किलो पेलेल. १०६ हा त्याच ९५० किलोचा सांकेतिक अंक आहे, आणि १०३ हा एका बाजूला जोडटायर असतात तेव्हाचा, तुझ्या कामाचा नाही. पीएसआयलाच आपण पौंड म्हणतो. पंपावरचं ४.५ हे बारमध्ये आहे. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड, म्हणजे ४.५ ला साधारण ६५ च.

म्हणजे प्रश्न हवेचा नाहीच, वजनाचा आहे. तुझ्या एकेका टायरवर किती किलो येतात ते तुला माहीत आहे का? मला दहा वर्षं माहीत नव्हतं. टायर फुटल्यावर मोजलं.

भुईकाट्यावर जा. रिकामी गाडी, आत तू एकटा. आधी फक्त पुढची चाकं प्लेटवर चढव, वजन घे. मग पूर्ण गाडी घे. पूर्णातून पुढचं वजा केलं की मागचं. तीच गोष्ट साठ कॅरेट भरून कर. काटेवाला कुरकुर करेल, त्याला सांग दोन पावत्यांचे पैसे देतो. चारही आकडे इथं टाक, मग हिशोब करू. आणि कॅरेटचं स्वतःचं वजन धर. वीस किलो द्राक्ष म्हणजे काट्यावर वीस नसतात.

तोवर भरलेल्या गाडीला मागं ६५ थंड, पुढं ४०. ४५ वर एकही खेप करू नकोस.

आडगाव_नाका_टायर
१३ जानेवारी, सकाळी ८:२०

तात्यांनी मुद्द्याचं सांगितलंय. मी टायरचं दुकान चालवतो, माझ्याकडून चार गोष्टी.

टायर झिजतो तेव्हा तो स्वतःच सांगतो. नक्षी मधोमध झिजली असेल तर हवा कायम जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य उंच राहिला तर कमी होती. एकच कड झिजली तर हवेशी संबंध नाही, अलाइनमेंट बघा. पिकअपचे मागचे टायर बहुतेक मधोमध झिजलेले येतात, कारण गाडी अर्धा वेळ रिकामी पळते आणि हवा भरलेल्या गाडीची असते.

खडूची परीक्षा करून बघ. टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूचा जाड पट्टा ओढ. सपाट डांबरी रस्त्यावर सरळ शंभरेक मीटर गाडी चालव. पट्टा सगळीकडून सारखा पुसला तर हवा त्या वजनाला बरोबर. फक्त मध्ये पुसला तर जास्त, फक्त कडांना पुसला तर कमी. रिकाम्या गाडीला वेगळा निकाल येईल, भरलेल्याला वेगळा. ही परीक्षा ढोबळ आहे, घाटाला निघताना तिच्यावर विसंबून हवा कमी करू नकोस.

तुझ्या टायरांच्या तारखा बघ. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर नीट तपासून घ्यावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी काढून टाकावा, असं टायर कंपन्याच सांगतात. पाचही टायर बघ. चार नाही, पाच.

आणि ज्या टायरांवर तू ४५ हवेनं साठ कॅरेट नेलेस ते रिमवरून उतरवून आतून बघून घे. बाहेरून कळत नाही. आतल्या भिंतीवर गोल काळी रेघ किंवा रबराची भुकटी दिसली तर तो टायर परत चढवायचा नाही. गिऱ्हाईक मला म्हणतं, "अजून वर्षभर चालला असता." मी बसवून देत नाही. त्यावरून काही गिऱ्हाइकं तुटली.

हवा भरायच्या पिनेवर (व्हॉल्व्हवर) थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायची सवय ठेव, आणि टोपी लावल्याशिवाय गाडी काढू नकोस. पाणंदीची माती पिनेत बसली की हवा रोज थोडी थोडी जाते.

दिंडोरीचा_बागायतदार
१७ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

तात्या, दादा, दोघांचे आभार. सगळं केलं.

मागचे दोन्ही टायर उतरवून आतून पाहिले. रेघ नाही, भुकटी नाही. तारीख २०२२ ची निघाली. मागच्या मालकानं बदलले असावेत. स्टेपनीचं नंतर लिहितो.

काट्याच्या पावत्या समोर घेऊन बसलोय.
रिकामी: पुढं ९६०, मागं ७४०, एकूण १,७००.
साठ कॅरेट भरून: पुढं १,०६०, मागं १,९६०, एकूण ३,०२०.

तात्या म्हणाले तसंच झालं. वीस किलोचं कॅरेट काट्यावर बावीस किलोचं आहे. माझ्या डोक्यात साठ कॅरेट म्हणजे १,२०० किलो होते, निघाले १,३२०. आणि आरसीवर गाडीचं एकूण वजन २,९९० लिहिलंय, म्हणजे मी तीस किलो वर आहे. सर्व्हिस सेंटरवाल्यानं तक्ता दोन दिवसांत देतो म्हणून सांगितलंय.

ओझरचे_तात्या
१७ जानेवारी, रात्री १०:३०

शाब्बास. पावत्या गाडीतच ठेव.

आता नीट बघ. मागं १,९६० म्हणजे एका टायरवर ९८०. टायरची ताकद ९५०. तू साठ कॅरेट भरतोस तेव्हा ६५ हवा असली तरी टायर त्याच्या ताकदीच्या वर चाललेला असतो. आणि हे दोन्ही टायरांवर अगदी सारखं वजन आहे असं धरून. एका बाजूला चार कॅरेट जास्त रचले की त्या टायरवर हजाराच्या वर.

इथं बरेच जण चुकतात. म्हणतात, ७० भरू, ७५ भरू. हवा वाढवली म्हणून टायरची क्षमता वाढत नाही. ६५ च्या पुढं तो आकडा तिथंच थांबतो, फक्त टायर कडक होतो आणि खड्ड्यात फुटायला सोपा होतो. मग म्हणतात, पाटा (मागच्या स्प्रिंगची पट्टी) वाढवू. पाटा वाढवला की गाडी बसत नाही एवढंच. टायरला वजन तेवढंच, ॲक्सललाही तेवढंच. माझ्या ओळखीत दोघांनी पाटे वाढवले, आणि गाडी ताठ दिसते म्हणून आणखी माल टाकायला लागले.

तुला कॅरेटच कमी करावे लागतील. सहा कमी कर, ५४ भर. ५४ गुणिले २२ म्हणजे १,१८८. एकूण २,८८८, आरसीच्या आत. मालाची बहुतेक सगळी वाढ मागच्या ॲक्सलवर येते हे तुझ्याच पावत्यांत दिसतं: १,३२० पैकी १,२२० मागं गेले आणि फक्त शंभर पुढं. त्या हिशोबानं ५४ कॅरेटला मागं साधारण १,८४० येतील, टायरला ९२०.

आता त्रैराशिक मांड. ९५० किलोला ६५, तर ९२० ला ६३. भरताना सरळ ६५ भर.

तीस कॅरेटला? ६६० किलो माल, त्यातले सहाशे-सहाशे दहा मागं. मागं १,३५०, टायरला ६७५. हिशोब ४६ चा येतो, ४८ ठेव. शेजाऱ्याचे मणी का गळले ते यातच आहे. अर्ध्या मालाला तू पूर्ण मालाची हवा ठेवली होतीस. टायर दगडासारखा, पाटे वाकतील एवढं वजन नाही, म्हणून पाणंदीचा प्रत्येक धक्का सरळ कॅरेटात गेला.

पुढच्या टायरांना भरल्यावर ५३० च्या आसपास येतात, हिशोब ३६ चा. घाटात ब्रेक मारला की वजन पुढं येतं, म्हणून मी ४० ठेवतो.

रिकाम्याला मागं ३७० किलो, हिशोब २५ चा येतो, पण तो धरायचा नाही. असल्या टायरात ३५ च्या खाली जायचं नाही. मी रिकाम्याला मागं ४० ठेवतो. त्रैराशिक हे साधं गणित आहे. टायर कंपन्यांचे तक्ते थोडे वेगळे असतात, पण कमी वजनाला त्रैराशिक गरजेपेक्षा थोडी जास्तच हवा सांगतं. म्हणून मी त्यावर भरवसा ठेवतो. तक्ता आला की जो आकडा जास्त असेल तो घे, फक्त थंड टायरात ६५ ओलांडू नकोस.

आता खरी अडचण रोजच्या खेपेची. सकाळी भरून जाणार, दुपारी रिकामा येणार. परत येताना हवा सोडायची का? नाही. टायर गरम असतो. गरम टायरात ७१ दिसले म्हणून ६५ करायला जाशील, तर गार झाल्यावर ५९ उरतील आणि दुसऱ्या दिवशी त्यावर तू माल भरशील. रिकामा परत येताना हवा तशीच ठेव आणि हळू ये. ओल्या रस्त्यावर जपून, कडक हवेची रिकामी गाडी मागून घसरते आणि ब्रेकला लांब जाते. तीन-चार दिवस खेप नसेल तरच मागं ४० वर आण.

आणि आणलीस की एक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला दोऱ्यानं बांध: "मागं ४० आहे." माझ्या गाडीत आजही तो पुठ्ठा आहे. कसाऱ्यानंतर बायकोनं लिहून दिला होता, अक्षर तिचंच.

कॅरेट रचायचं राहिलं. फाळक्याकडच्या ओळी सगळ्यात जास्त उडतात, कारण त्या मागच्या चाकांच्याही मागं लटकलेल्या असतात. अर्धा माल असेल तर केबिनला टेकवून पुढून रच आणि फाळक्याची बाजू मोकळी सोड. कॅरेट सरकू नयेत म्हणून मध्ये दोरी घाल. यानं पुढच्या चाकांवरही थोडं वजन जातं.

सातपूर_मोजमाप
१८ जानेवारी, दुपारी १:५०

तात्यांनी "थंड टायर" तीन-चारदा लिहिलंय, त्यात थोडी भर घालते. मी सातपूरला प्रेशर गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायची मीटरं, तपासायचं काम करते.

थंड टायर म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे, उन्हात नाही. पण थंडलाही वेळ असते. तुम्ही दुपारी तीनला ३६ अंशांत ६५ भरली आणि पहाटे पाचला १० अंशांत तेच टायर मोजलं तर ५८-५९ च दिसेल. हवा कुठं गेलेली नाही, आकसली आहे. दर दहा अंशांना या दाबाच्या टायरात अडीच पौंडांचा फरक पडतो. निफाड-दिंडोरीकडं जानेवारीत पारा दहाच्याही खाली उतरतो, आणि तुमचा खुडा सकाळचाच असतो. म्हणून हवा निघायच्या वेळी मोजा, आदल्या दुपारची धरू नका. उलट मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढलं की सकाळी पुन्हा मोजून जास्तीची काढा, पण तीही थंडच असताना.

गेज स्वतःचं घ्या आणि एकच वापरा. वेगवेगळ्या दुकानांतल्या दोन गेजांमध्ये पाच पौंडांचा फरक मी कितीदा पाहिलाय. रबरी नळीवर लोंबणारं, दिवसभर आपटलेलं गेज खरं बोलत नाही. आपलं नवं गेज एकदा चांगल्या डिजिटल मशीनशी ताडून बघा, फरक कागदावर लिहून त्याच्या डबीत ठेवा.

नायट्रोजनचं कुणी सांगेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, एवढाच फायदा. तापल्यावर त्याचाही दाब जवळपास तेवढाच वाढतो. त्याच्या भरवशावर मोजणं सोडू नका. पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट असते, ती हक्कानं मागा.

तात्यांना एक सांगते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. वाशीला उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो म्हणून तेच टायर तिथं एक पौंड कमी दाखवतं. ती गळती समजू नका.

ओझरचे_तात्या
१८ जानेवारी, रात्री ९:१०

ताई, वाशीला एक पौंड कमी दिसतं हे मी कित्येक वर्षं बघतोय आणि दर वेळी पिन बदलायचो. खूप आभार.

दिंडोरीचा_बागायतदार
९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

तीन आठवड्यांचा हिशोब द्यायला आलो.

सर्व्हिस सेंटरचा तक्ता मिळाला. भरलेल्या गाडीला मागचा आकडा तात्यांच्या आकड्यापेक्षा दोन पौंडांनी कमी आहे, पुढचा जवळपास तोच. तो रंगवलेल्या चौकटीवर तेलखडूनं लिहून ठेवलाय, वर पारदर्शक टेप लावली.

आता ५४ कॅरेटच भरतो. सहा कॅरेट मागं ठेवताना पहिल्या दिवशी शेजारचे आबा नाराज झाले. त्यांना काट्याच्या पावत्या दाखवल्या आणि तीस कॅरेटच्या खेपेतले सुटे मणी आठवून दिले. आता तेच इतर बागवाल्यांना सांगतात की ५४ च्या वर टाकू नका. भाडं कॅरेटवर असल्यानं माझं उत्पन्न थोडं कमी झालं खरं. दोन खेपांच्या दिवशी ते भरून निघतं.

पहाटे साडेपाचला मोजतो, ६५ करतो. पॅकहाउसला पोचल्यावर ७१. ७२ च्या वर एकदाही गेलं नाही. टायरवर तळहात ठेवता येतो. तीस-पस्तीस कॅरेटला ४८ ठेवून, केबिनला टेकवून रचले. आता कॅरेटच्या तळाशी मूठभर मणी निघतात, कधी तेवढेही नाही. गेज घेतलं, पंचवटीतल्या एका दुकानातून. पंपावरच्या मशीनशी ताडलं, दोन पौंड कमी दाखवतं. ते डबीत लिहिलंय.

बारा व्होल्टचा छोटा पंपही घेतला होता. तो पन्नासपर्यंत बरा चढतो, त्यापुढं धापा टाकतो आणि हात भाजेल एवढा तापतो. कुणी घेणार असेल तर पिकअपच्या दाबाचा आहे का हे विचारूनच घ्या.

चिठ्ठीही बांधली. आमच्या घरी ती आईनं लिहिली.

आडगाव_नाका_टायर
९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

उत्तम. स्टेपनीचं लिहितो म्हणाला होतास.

दिंडोरीचा_बागायतदार
९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

हो दादा, ते सांगायचंच होतं. हौद्याखालून स्टेपनी उतरवली तर साखळी गंजलेली, अर्धा तास लागला. हवा बघितली तर १८ पौंड. आणि तारीख ३११६. म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा, गाडीपेक्षा जुनी. नक्षी अजून नवीसारखी, पण बाजूवर केसासारख्या चिरा. गाडी घेतल्यापासून ती तशीच लटकत होती आणि मी रोज माल भरून जात होतो. काढून टाकली. त्याच मापाचा नवा टायर टाकलाय, त्यात किती हवा ठेवू? ती पुढंही लागू शकते, मागंही.

ओझरचे_तात्या
९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

६५ ठेव. पुढं लावायची वेळ आली तर रस्त्यावर हवा सोडता येते, पण रात्री अकराला इगतपुरीच्या अलीकडं भरायला कुणी मिळत नाही. साखळीला ग्रीस लाव, आणि दर महिन्याला पाचव्या टायरची हवा मोज.